सावली हेरणारे यंत्र

परवा आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ रक्तदाब तपासून घेता घेता म्हणाले, "डॉक्टरबाई, आता म्हणे छातीचा फोटोसुद्धा संगणकच वाचणार. मग तुम्ही काय करायचं?" त्यांचा सूर थट्टेचा होता, पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझे काय व्हायचे ते होवो. ज्याचा फोटो काढला त्या माणसाचे पुढे काय होणार, याची मला अधिक काळजी वाटते, आणि त्याविषयीच आज चार शब्द लिहायचे आहेत.

नालासोपारा पूर्वेला माझा दवाखाना आहे. अवतीभोवती चाळी, त्यांच्या पाठीमागे इमारती, इमारतींच्या पाठीमागे पुन्हा चाळी. सकाळी विरारहून सुटणाऱ्या गाड्यांनी निम्मे रुग्ण मुंबईला जातात आणि रात्री दहाला परत येतात. उरलेले वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत कामाला. अशा वस्तीत खोकला हा आजार मानलाच जात नाही. गाळ्यातल्या धुळीचा खोकला, गाडीतल्या गर्दीचा खोकला, हवा बदलल्याचा खोकला, अशी त्याची नावे असतात. तीन आठवडे झाले, महिना झाला, तरी औषधाच्या दुकानातून लाल रंगाची बाटली आणून काम भागवले जाते. माणूस माझ्यासमोर येऊन बसतो तोवर त्याचे पाच-सात किलो वजन उतरलेले असते आणि घरातल्या दोघा-चौघांना त्याने नकळत प्रसाद दिलेला असतो.

हे यंत्र म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द फार भारदस्त आहे. ऐकला की उगाच दडपण येते. प्रत्यक्षातली गोष्ट समजायला सोपी आहे. छातीचे लाखो फोटो संगणकाला दाखवले जातात. यातल्या कोणाला क्षय होता, कोणाला नव्हता, हेही सांगितले जाते. असे पाहता पाहता कोणत्या प्रकारची सावली संशयास्पद, हे तो आपल्या पद्धतीने शिकतो. नंतर नवा फोटो समोर आला की मिनिटाच्या आत त्याला गुण देतो आणि फुप्फुसाचा जो भाग खटकला त्यावर रंग चढवून दाखवतो. तो निदान करीत नाही, शंका घेतो. या दोहोंतला फरक वाचकांनी मनात पक्का धरून ठेवावा, कारण जाहिरातींत तो हमखास पुसला जातो.

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील माणसांच्या क्षय-तपासणीत डॉक्टरऐवजी असे सॉफ्टवेअर फोटो वाचायला वापरता येईल, अशी शिफारस केली. ती करताना ज्या तीन सॉफ्टवेअरची पारख झाली, त्यांतले एक मुंबईच्या क्यूर डॉट एआय या २०१६ साली सुरू झालेल्या कंपनीचे होते. याच सुमारास एक्स-रेचे यंत्रही आटोपशीर झाले. जपानी बनावटीचे एक यंत्र तर अवघे साडेतीन किलोचे आहे. जुन्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यासारखे दिसते आणि बॅटरीवर चालते. फिल्म धुवायची भानगड नाही. पाठीमागे एक पाटी धरायची, शेजारी लॅपटॉप ठेवायचा. देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पडवीत, कुठेही फोटो निघतो.

आता थोडा इतिहास, कारण तो फार बोलका आहे. गाडीत एक्स-रेचे यंत्र घालून गावोगाव फिरायचे, ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जगभर अशा गाड्या फिरल्या. आपल्याकडे १९५९ साली बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी १९६३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या छातीच्या फोटोवर क्षयाच्या खुणा आढळल्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी साधी विचारपूस केली. आपल्याला काही होते आहे हे बहुतेकांना कळत होते, आणि निम्म्याहून अधिक जण स्वतःहून सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना काय मिळाले? खोकल्याची बाटली! मग गाड्या फिरवण्यावर पैसा घालण्यापेक्षा दारात आलेल्या माणसाचा बेडका नीट तपासा, असा शहाणपणाचा निष्कर्ष निघाला. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सरसकट फिरती एक्स-रे तपासणी बंद करा असे सुचवले. १९९७ साली सुरू झालेल्या सुधारित कार्यक्रमातही सूक्ष्मदर्शकाखाली बेडका पाहणे हीच मुख्य तपासणी राहिली, आणि छातीचा फोटो दुय्यम ठरला.

आणि आता पन्नास वर्षांनी तीच गाडी नवे इंजिन लावून परत येते आहे. का, याचे उत्तर २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात आहे. त्यात दोन गोष्टी आढळल्या. ज्यांना क्षयाची लक्षणे होती त्यांतले जवळजवळ चौसष्ट टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते. आणि जे रुग्ण सापडले त्यांतले सुमारे त्रेचाळीस टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे सापडले. नुसते 'खोकला आहे का' विचारून ते हाती लागलेच नसते. १९६३ चा रुग्ण दवाखान्यात येऊन रिकाम्या हाती परतत होता. आजचा कित्येकदा येतच नाही, किंवा त्याला आपण आजारी आहोत याचा पत्ताच नसतो. दुखणे बदलले तर औषधही बदलावे लागते.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायचा, असे २०१८ साली दिल्लीत जाहीर झाले होते. तसे झालेले नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. तरी जे घडले तेही कमी नाही. २०१५ साली लाखामागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, त्यात ही हातात धरायची यंत्रे आणि फोटो वाचणारा संगणक दोन्ही उतरवले गेले. म्हणजे यंत्र येणार की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. ते कुठे जाणार आणि सोबत काय घेऊन जाणार, इतकेच ठरवायचे उरले आहे.

कुठे जाणार, हे वसई-विरारइतके स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसेल. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून ही महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, त्यानंतर ती किती फुगली ते इथल्या रस्त्यांना विचारा. पश्चिमेला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, चर्च, तळी आणि किल्ला. रेल्वे ओलांडली की आमची नालासोपाऱ्याची दुनिया. त्याही पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचा डोंगर, खदानी, वीटभट्ट्या आणि आदिवासी पाडे. पश्चिमेच्या माणसाला छातीचा फोटो काढायचा म्हटले तर रिक्षाने पाच मिनिटांत चार ठिकाणे सापडतात. महामार्गापलीकडच्या बाईला त्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि दोन एसट्यांचे भाडे मोडावे लागते. तेव्हा हे यंत्र स्टेशनाजवळच्या सभागृहात फित कापून, हारतुरे घालून बसवले, तर त्याचा उपयोग ज्याला ते नसले तरी चालले असते त्यालाच होईल. साडेतीन किलोचे यंत्र केले ते उचलून नेण्यासाठी. महापालिकेची हद्द कुठे संपते आणि जिल्हा परिषदेची कुठे सुरू होते, हे क्षयाच्या जंतूला ठाऊक नसते. एक्स-रेची गाडी मात्र नेमकी त्या रेषेवर येऊन थांबेल, अशी मला धास्ती वाटते.

खदानींचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगते. दगड फोडणाऱ्याच्या छातीत वर्षानुवर्षे बारीक धूळ साठते आणि तिचेही व्रण फोटोत उमटतात. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाची जुनी खूणही आयुष्यभर दिसत राहते. संगणक या दोन्हींना पाहून दचकू शकतो. डॉक्टर निदान विचारतो, "काय हो, काम काय करता? आधी कधी सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्यात?" म्हणून यंत्राने बोट दाखवले की लगेच गोळ्या सुरू, असे होता कामा नये. मध्ये बेडक्याची तपासणी हवीच. तीही आता सूक्ष्मदर्शकावर अडलेली नाही. जंतूची जनुकीय खूण शोधणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीने तयार केले आहे. ते बॅटरीवर चालते, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. क्षय आहे की नाही हे ते तासा-दोन तासांत सांगते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही. छातीचा फोटो कितीही हुशार संगणकाने वाचला तरी औषधाला न जुमानणारा क्षय त्याला ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट उत्तीर्ण-नापासाच्या रेषेची. बोर्डाच्या परीक्षेत ती पस्तिसावर असते, हे आपण सगळे जाणतो. संगणक फोटोला गुण देतो, पण किती गुणांना संशयित म्हणायचे, ही रेषा माणसेच आखतात. रेषा खाली ओढली तर रुग्ण सुटत नाहीत, पण निरोगी माणसांची रांग बेडक्याच्या तपासणीला लागते. वर ओढली तर खर्च वाचतो आणि काही खरे रुग्ण घरी परततात. हा पैशाचा आणि धोरणाचा निर्णय आहे. तो कंपनीच्या कारखान्यात ठरून येऊ नये. इथले फोटो, इथले बेडके तपासून इथल्या आरोग्य खात्याने घ्यावा आणि लोकांना सांगावा.

आता बायकांविषयी. क्षयाचे रुग्ण मोजले की पुरुष अधिक भरतात, हे खरे. पण बाई सापडते ती उशिरा, आणि सापडल्यावर तिचे हाल अधिक. सुनेला टीबी झाला की औषध चालू होण्याआधी तिची पिशवी भरून तिला माहेरी धाडले जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. गरोदर बाईची गोष्ट तर आणखी अवघड. थकवा, घाम, जेवणावर वासना नसणे ही क्षयाची लक्षणे, आणि हीच पोटुशीपणाचीही. वजन घटायला हवे ते पोटातल्या बाळामुळे घटलेले दिसत नाही. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत तर क्षय उफाळून येण्याचा धोका वाढतो. त्यात 'पोटुशी बाईला फोटो कसा काढायचा' ही भीती. वास्तविक छातीच्या एका फोटोत गर्भाशयाला पोचणारा किरणांचा अंश अगदी नगण्य असतो. पोटावर संरक्षक आवरण घालून, डॉक्टरांना गरज वाटली तर तो काढता येतो. भीतीपोटी न काढलेला फोटो आई आणि बाळ दोघांनाही महागात पडू शकतो.

मराठी माणसाला या दुहेरी संकटाची ओळख नव्याने करून द्यायला नको. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, त्या क्षयाने गेल्या. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखवून दिला होता, पण त्यावर औषध नव्हते, आणि राँटजेनचे किरण अजून आठ वर्षे दूर होते. आज जंतू ठाऊक आहे, किरण आहेत, औषध आहे. म्हणून आजच्या बाईच्या उशिराला सबब उरत नाही.

सोय तर हाताशी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आशाताई त्यांना घेऊन येतात, रक्त-लघवी तपासली जाते, वजन होते. त्याच रांगेत चार प्रश्न विचारायचे: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन न वाढणे. घरात कोणी टीबीच्या गोळ्या घेते का, हा पाचवा. एकाचेही उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी बेडका. त्या रांगेत सोबत आलेल्या सासवा आणि नवरेही असतात. त्यांचे फोटो यंत्राने खुशाल काढावेत. घरातला क्षय बाळापर्यंत पोचतो तो बहुधा याच माणसांकडून.

बाळंतपणाच्या बाबतीत संगणकाची दुसरी करामतही ऐकू येते, ती सोनोग्राफीची. तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीने पोटावरून ठरावीक पद्धतीने यंत्र फिरवायचे आणि संगणकाने गर्भाचे वय सांगायचे, असा प्रयोग झांबिया आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या संशोधन संस्थेने गुरुग्रामच्या रुग्णालयातील बायकांच्या नोंदींवरून भारतीय गर्भाचे वय अधिक अचूक सांगणारी पद्धत २०२४ मध्ये मांडली. पाड्यावरच्या बाईला स्वतःची शेवटची पाळी नेमकी आठवत नसते, तिथे हे किती मोलाचे, ते मला माहीत आहे. तरीही या बाबतीत मी घाई करणाऱ्यांच्या बाजूची नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी कोणी करायची आणि यंत्र कुठे न्यायचे, यावर आज कडक बंधने आहेत. पिशवीत मावणारे यंत्र गल्लोगल्ली गेले तर त्याचा पहिला उपयोग कशासाठी होईल, हे सांगायची गरज आहे का? चित्र न दाखवता फक्त वयाचा आकडा दाखवणारे यंत्र करता येईलही. ते आधी मोठ्या सरकारी रुग्णालयात, कायद्याच्या चौकटीत वापरून दाखवा. कायदा सैल करण्याची भाषा त्यानंतर. छातीच्या यंत्राला महामार्गापलीकडे जाण्याची जितकी घाई हवी, तितकाच सोनोग्राफीच्या यंत्राला धीर हवा.

यंत्रासोबत काय न्यायचे, हा मुद्दा राहिला. माझ्या मते इथेच सगळे अडणार आहे. एका दिवसात दोन-तीनशे फोटो काढणे अवघड नाही, आणि मोहिमेच्या आकड्यांत ते शोभूनही दिसतात. त्यातल्या संशयितांचा बेडका त्याच जागी, त्याच दिवशी घेतला गेला नाही, तर निम्मी माणसे पुन्हा हाती लागत नाहीत. रोजंदारीचा माणूस अहवाल घ्यायला दुसऱ्या दिवशी येत नसतो. आणि बेडका होकारार्थी आला की सहा महिन्यांची औषधे अखंड मिळायला हवीत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून, पुरवठा लांबतो आहे, तोवर तुमच्याकडेच गोळ्या खरेदी करा, असे कळवले होते. क्षयाच्या गोळ्या मध्येच तुटणे म्हणजे जंतूला तालमीत पाठवण्यासारखे आहे. औषधाचा साठा कपाटात नसताना फोटो काढायला निघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाला 'तुला क्षय आहे' एवढेच सांगून परत फिरणे, हे त्याला काही न सांगण्याहून वाईट.

औषधाइतकेच अन्न. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला गेला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. कडधान्य आणि तांदूळ! कुठलाही संगणक नाही. सरकारकडून रुग्णाला मिळणारे महिना पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले, ते बरेच झाले. पण ते रुग्णापुरते आहेत आणि ताटे घरातल्या सगळ्यांची आहेत. यंत्राच्या खरेदीची फाईल जितक्या वेगाने फिरते तितक्या वेगाने शिध्याची फिरत नाही, हा आपल्याकडचा जुना अनुभव.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे बयाणा घेतलेल्या मालकाच्या भट्टीवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर आवणीला परत जातात. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, भट्टीचा हंगामही साधारण तितकाच. म्हणजे ज्याचा रोग फेब्रुवारीत सापडला त्याच्या गोळ्या इथे संपणारच नाहीत. तेव्हा येत्या दिवाळीनंतर शिरसाड-अंबाडी रस्त्याने भट्ट्यांवर फोटो काढायला जाल, तर त्याच गाडीत बेडका तपासायचे यंत्र न्या, गोळ्यांची पाकिटे न्या, आणि त्या माणसाचे गाव कोणते, पाडा कोणता, जूनमध्ये तो कुठे असेल, हे त्याच्या नोंदीत तिथल्या तिथे लिहून घ्या. तो मोखाड्याला पोचेल तेव्हा तिथल्या नर्सबाईकडे त्याची उरलेली पाकिटे आधीच येऊन पडलेली हवीत.